मुंग्या

ग्रिम्सबीच्या गोदीमागे आमचा पायांचा दवाखाना,
मिस्टर ब्लँचर्ड आले ते फक्त नखं कापून घ्यायला.
वाकवत नाही म्हणाले, आणि कापून द्यायची
ती आता नाही.

चाळीस वर्षं मासळीबाजारात हॅडक चिरलेले हात.
मला ‘डक’ म्हणतात. इथं सगळेच सगळ्यांना म्हणतात;
पहिल्या आठवड्यात मी घरी जाऊन
आरशात माझी चाल बघितली होती.

खुर्चीत बसण्याआधी एकदा जाऊन आले.
बूट काढण्याआधी पुन्हा.
पिशवीत संत्र्याच्या सरबताची मोठी बाटली,
अर्धी संपलेली, आणि अजून दहा वाजले नव्हते.
‘हीटिंगनं घसा सुकतो.’
पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं.
‘एकट्यासाठी कोण रांधतं, डक.’
चष्मा वर्षात दुसऱ्यांदा बदललेला.
‘त्या दुकानातल्या पोरीला काही येत नाही.’
प्रत्येक गोष्टीला कारण होतं
आणि कुठलंच खोटं नव्हतं.

मग म्हणाले, रात्री पायांत टाचण्या टोचतात, सुया.
त्यांच्या भाषेत टाचण्या.
माझ्या भाषेत मुंग्या.
पायाला मुंग्या आल्या म्हणतो आपण,
पाय झटकतो,
कशाला आल्या ते विचारत नाही.

चिपळूणला मोरीच्या कोपऱ्यात रोज रांग लागायची.
भाऊकाका जाऊन आले की दाट.
काकू हळद टाकायची, मग खडूची रेघ मारायची,
मी पाटावर बसून
त्या रेघेपाशी कशा वळतात ते बघायचे.
साखरेचा डबा तर स्वयंपाकघरात होता, घट्ट झाकणाचा.
घरातल्या सगळ्यांनी मुंग्या पाहिल्या.
काकांचा अंगठा काळा पडला
तेव्हा मी अकरावीत होते.

नायलॉनचा एक तंतू असतो आमच्याकडे,
मांजराच्या मिशीएवढा. दहा ग्रॅमचा भार पडला की वाकतो.
‘डोळे मिटा. लागला की हो म्हणा.’
अंगठा.
तळवा.
करंगळीच्या मुळाशी.
बाहेर सीगल ओरडत होते.
एकदा ‘हो’ म्हणाले,
तेव्हा मी लावलाच नव्हता.
‘बाप जाळी विणायचा माझा,’ मिटल्या डोळ्यांनी म्हणाले,
‘अंधारात, नुसत्या बोटांनी
तुटलेला धागा शोधायचा.’
तंतू तेव्हा त्यांच्या तळव्यावर
वाकून अर्धवर्तुळ झाला होता.

उजव्या मोज्यावर नाण्याएवढा ओला डाग.
बूट उलटा केला, तर फरशीवर खणकन
एक पितळी किल्ली.
बागेतल्या शेडची. गुरुवारपासून शोधत होते.
आज सोमवार.
टाचेपुढे तिचे दाते उमटलेले,
एका दात्यापाशी कातडी फाटलेली.
चार दिवस उभे होते तिच्यावर,
बसथांब्यावर, बेकरीच्या रांगेत,
रविवारी प्रार्थनेला.

हसले. इतके हसले की मलाही हसू आलं,
आणि हसता हसताच मी त्यांचं बोट धरलं, टोचलं.
यंत्राला पाच सेकंद लागतात.
एकवीस पूर्णांक चार.
आपल्याकडच्या मापानं चारशेच्या आसपास.
त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं,
मासळीचा भाव ऐकून घेणाऱ्याच्या नजरेनं.
‘जास्त आहे का?’
‘आहे.’
‘पण दुखत तर काहीच नाही.’
‘हो,’ म्हटलं. ‘तेच.’

त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, आजच्या आज बघा म्हटलं.
जखम धुतली, पट्टी बांधली.
नखं कापायची राहिली होती,
तीही कापली, दहाच्या दहा.

किल्ली पुसून त्यांच्या हातावर ठेवली.
उजेडाकडे धरून उलटसुलट बघत राहिले.
‘हिचं आता काय करू, डक?
कुलूप मी शनिवारीच तोडलं.’